उद्घाटनाचा दोर

काटेबाईंनी वाखाचा झुपका खिडकीच्या कडीत अडकवला, डाव्या तळव्याला पाणी लावलं आणि स्टुलावर बसून मांडीवर दोर वळायला घेतला. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. सून साइटवर गेलेली, मुलगा दौऱ्यावर, आणि नवरा पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. म्हणजे तासाभराची निश्चिंती. उलटराव वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून सुरू करत आणि पहिल्या पानाला पोचले की सगळ्या बातम्या शिळ्या आहेत अशी तक्रार करत.

मुद्दाम वाईट दोर वळणं वाटतं तितकं सोपं नसतं, पण बाईंना फार प्रयत्न करावा लागला नाही. दोरखंडाच्या कारखान्यात त्यांची उभी नोकरी फाटकापाशी वजनकाट्यावर गेली होती. आत येणाऱ्या वाखाचं वजन त्या करायच्या, बाहेर जाणाऱ्या दोराचं करायच्या. त्याच्या मधे काय होतं ते बघायला त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं. त्यांच्या हातांना वजन कळे, पीळ कळत नसे. काटा सुटला तरी सवय सुटली नव्हती. माणूस समोर आला की बाई त्याला मनातल्या मनात तोलून बघत. मुलगा दिसायला भरदार, काट्यावर पीस. सून फुलासारखी दिसे, पण तोलायला गेलं की पारडं दाणकन खाली जाई. नवऱ्याचं वजन मात्र त्यांना अजून लागलेलं नव्हतं, कारण हा माणूस काट्यावर कधी स्वस्थ उभाच राहिला नाही.

वीतभर दोर तयार झाला. दोर कसला, झोपेतून उठलेल्या माणसाची दाढी. बाईंनी तो समाधानाने पाहिला, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि चहाच्या कपाबरोबर नेऊन उलटरावांच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

"भिंगरीभाऊजींनी नमुना पाठवलाय," बाई म्हणाल्या. "उद्घाटनाला फीत नाही लावायची, दोर लावायचा, असं आपल्या सुनेच्या मनात आहे ना. महापौरबाई कापणार. तो भाऊजी वळताहेत."

उलटरावांनी दोर बोटांत फिरवला. अंगठा एकदाच सरकवला. दोराने लगेच हार मानली आणि दोन गाठींमधले सगळे तंतू मोकळे होऊन टेबलावर पसरले. ते त्या तंतूंकडे बराच वेळ बघत राहिले. मग "हं," म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

ह्या 'हं'चं वजन किती धरावं, ह्यावर बाईंनी उरलेली संध्याकाळ घालवली.

भांडण असं नव्हतंच घरात. असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. नायलॉनचा दोर आला आणि वाखाच्या दोराला गिऱ्हाईक उरलं नाही, इतकी साधी गोष्ट. मग छपराचे पत्रे गेले, आवारात झुडपं माजली, आणि एक दिवस महानगरपालिकेने ठरवलं, इथे कामगारांचं स्मारक करायचं आणि सगळ्यांना बसायला-उठायला जागा. वाचनालय, सभागृह, मुलांना खेळायला पटांगण. काम मिळालं ते ह्यांच्याच सुनेला. दीड वर्ष ती पोरगी घरी येताना केसांत सिमेंट घेऊन येत होती. जेवताना सासऱ्यांना विचारायची, बाबा, चाकाची मूठ कुठल्या बाजूला होती, बाबा, दिवे कुठे टांगायचे. तिथे जन्मभर दोर वळलेले उलटराव सगळं सांगायचे, अगदी बारकाव्यानिशी. पण "चला ना बघायला," म्हटलं की त्यांना नेमकी औषधाची वेळ आठवायची.

एकदाच तिने जरा ताणून धरलं, तेव्हा ते म्हणाले होते, "स्मारक गेलेल्यांचं असतं. मी अजून गेलेलो नाही."

सून हसली होती. बाई हसल्या नव्हत्या, कारण खरी गोष्ट त्यांना माहीत होती. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी मालकाने सगळ्यांना दोर वळायच्या त्याच जागेत बोलावलं होतं. तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. ज्या जमिनीवर हा माणूस आयुष्यभर चालला, तिथे त्याला खुर्चीत बसवलं, सरबत दिलं, आभाराचं भाषण ऐकवलं आणि हातात भिंतीवरचं घड्याळ ठेवून दाराबाहेर पोचवलं. घरी आल्यावर उलटराव एवढंच म्हणाले होते, "पाहुणा करून टाकलं." घड्याळ अजून खोक्यात होतं. आणि आता सून आमंत्रणपत्रिका घेऊन मागे लागली होती, की बाबा, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची.

खुर्ची म्हटल्यावर तो माणूस येणार नाही, हे बाईंना कळत होतं. सुनेला ते सांगितलं तर तिचं तोंड उतरेल, आणि तिला कष्टी बघायची बाईंची तयारी नव्हती. नवरा आला नाही तर ती पोर भाषणात कुणाचे आभार मानणार होती? म्हणून मग ती स्वयंपाकघरातली कारागिरी, बिघडलेला दोर बघून तरी त्याचे पाय तिकडे वळावेत म्हणून.

सकाळी उलटरावांनी बूट काढून पुसले.

"कुठे निघालात?"

"पाय मोकळे करायला."

"मी येऊ?"

"तुझेही असतील आखडलेले तर ये."

दोर वळायच्या त्या जागेला कारखान्यात लांबण म्हणत. भिंती आणि छप्पर होतं म्हणून इमारत म्हणायची, एरवी ती सडकच. इतकी लांब की एका टोकाहून शिवी दिली तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत देणाऱ्याचा राग उतरलेला असे. एका टोकाला चाक, चाकाला आकडा. चाकवाल्याने चाक फिरवत राहायचं. दोरवाल्याने कमरेभोवती वाख गुंडाळायचा, त्याचं एक टोक आकड्यात अडकवायचं आणि बोटांतून तंतू सोडत मागे मागे चालत जायचं. तोंड चाकाकडे, पाठ वाटेकडे. जितकं मागे जाल तितकं सूत लांब. उलटराव हे नाव त्यावरून पडलं होतं, आणि स्वभावाने ते टिकवून ठेवलं होतं. भिंगरी त्यांचा चाकवाला. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत हे दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत काम करायचे. "लग्न माझ्याशी झालं, संसार भिंगरीशी केला," असं बाई चारचौघांत म्हणायच्या आणि कुणी नाकारायचं नाही.

भिंगरीभाऊजी चाकापाशीच होते. चाकाला तेल घालत होते. हा माणूस जन्मभर चाक फिरवून इतका वाळला होता, की चाकच त्याला फिरवत असावं अशी शंका यायची. मित्राला दारात बघून त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

उलटराव उंबऱ्यापाशी थांबले. सुनेने खिडक्यांना नव्या काचा घातल्या होत्या, पण जमिनीला हात लावू दिला नव्हता. टाचांनी झिजून पडलेले दोन पट्टे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होते. त्यांनी ते पाहिलं. मग खिशातून कालचा पुंजका काढून भिंगरीपुढे धरला.

"हे तू वळलंस?"

"मी? अरे, मी अजून वाखाला हात लावलेला नाही. तुझी वाट बघतोय गेले आठ दिवस."

काटेबाई छताच्या कैच्या फार लक्ष देऊन बघू लागल्या.

"माहीत आहे," उलटराव म्हणाले. "पीळ उलटा आहे. डावखुऱ्या हाताचा."

"डावखुरं तर आपल्यात कुणीच नव्हतं," भिंगरी म्हणाले. "फाटकावरच्या ह्या सोडून."

बाईंना वाटलं, आता हा माणूस वळेल आणि घरचा रस्ता धरेल, आणि आपण केलेल्या ह्या शहाणपणाची भरपाई सुनेला करावी लागेल. उलटरावांनी पुंजका पुन्हा खिशात ठेवला. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

"घरीच कळलं होतं तर आलात कशाला?" बाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

"इतका वाईट दोर माझ्या घरात वळला गेला, ही गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून." त्यांनी मोजे बुटांत खुपसले. "दोर वळून देतो. काम आहे तोवर येईन. पण त्या दिवशी मी आत बसणार नाही. खुर्ची मांडू नका. सांग तिला."

बाईंनी सुनेला निम्मंच सांगितलं. बाबा दोर वळताहेत, हे. सुनेने तिथल्या तिथे सासूला मिठी मारली, आणि तिच्या केसांतलं सिमेंट बाईंच्या केसांत आलं. उरलेलं निम्मं सांगायला योग्य वेळ बघू, असं बाईंनी ठरवलं. ती वेळ शेवटपर्यंत आली नाही.

पुढचे काही दिवस लांबणीत जे चाललं त्याला काम म्हणावं की जत्रा, हे सांगणं कठीण होतं. उलटराव आले म्हटल्यावर बाकीचे आले. गुडघे दुखणारे, कंबर धरलेले, डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलेले, सगळे. मोतीबिंदू झालेल्याने वाख विंचरायला घेतला. त्याला दिसत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. एकाने तीन खाचांचा तो लाकडी ठोकळा घरून आणला, ज्याच्यातून तीन पेड एकत्र येऊन दोर होतो. कारखान्याचा ठोकळा त्याच्या घरी काय करत होता असं कुणी विचारलं नाही, कारण प्रत्येकाच्याच घरी काही ना काही होतं. उलटराव कमरेला वाख बांधून मागे मागे जात, भिंगरी चाक फिरवत, आणि दोघांची कुरबुर त्या लांबीभर चाले. सावकाश फिरव, पळत सुटलायस का. मी सावकाशच फिरवतोय, तुझे पाय म्हातारे झाले. काटेबाई जुन्या खुर्चीवर बसून डबा सोडायच्या आणि ऐकायच्या. त्यांना पहिल्यांदाच आतलं बघायला मिळत होतं. नवरा मागे जाताना त्याचा चेहरा किती मऊ होतो, हे त्यांना फाटकावरून कधी दिसलं नव्हतं. भिंगरीला हे रोज फुकट मिळत होतं, ह्याचा त्यांना जरा रागच आला.

सुनेने दोर अंगठ्याएवढा जाड सांगितला होता. सांगून ती चार दिवस फर्निचरच्या मागे धावत होती. इकडे पहिल्या दिवशी पेड तयार झाले ते बघून मोतीबिंदूवाला म्हणाला, बारीक वाटतात. वाटतात खरे, असं दुसऱ्याने म्हटलं. इतके सगळे जण जमले आहेत तर प्रत्येकाचं एक-एक सूत तरी त्यात जायला हवं, हे तिसऱ्याने काढलं आणि त्यावर कुणाला नाही म्हणता येईना. एकाचं घेतलं तर दुसऱ्याचं कसं नाकारायचं? मग शेवटचा पीळ घट्ट बसतो की नाही ह्यावर भिंगरीने पैज लावली, आणि पैज म्हटल्यावर उलटरावांनी दोघांना ठोकळा जोर लावून मागे दाबून धरायला लावलं. दोर पुरा झाला तेव्हा तो मनगटाएवढा होता. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. बाईंनी तो उचलून जोखला आणि आकडा सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सून आली आणि बघत राहिली.

"बाबा, हा दोर आहे की पूल?"

"जहाज थांबेल असा आहे," उलटराव म्हणाले.

"जहाज येणार नाहीये. महापौर येणार आहेत."

"त्याही थांबतील."

हे इतकं खरं ठरेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी दारात गर्दी मावेना. मोठ्या दाराच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना दोर बांधला होता, मधे कमरेपर्यंत उतरेल इतका झोळ ठेवून. लोक त्याला हात लावून बघत, एकमेकांना दाखवत. बाई कडेला उभ्या राहून येणाराजाणारा तोलत होत्या. महानगरपालिकेचे साहेब, आव पोतंभर, माल मूठभर. महापौरबाई देहाने चांगल्या भरभक्कम, आणि हसल्या तेव्हा बाईंनी मनातल्या मनात आणखी पाच किलो चढवले. उलटराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, पण आवारातल्या नळापाशी, गर्दीच्या पाठीमागे. इथवर आले हेच पुष्कळ, असं बाईंनी स्वतःला समजावलं. सून मात्र दाराशी उभी राहून सारखी मान उंचावत होती. आत पहिल्या रांगेत तिने खुर्ची ठेवलीच होती.

भाषणं झाली. सुनेने महापौरबाईंच्या हातात कात्री दिली. फीत कापायची नाजूक कात्री. महापौरबाईंनी ती दोराला लावली आणि फोटोसाठी हसल्या. हसू संपलं तरी दोर तसाच होता. त्यांनी जोर लावला. कात्रीने तोंड फिरवलं. गर्दीतून एका शिंप्याने आपली मोठी कात्री पुढे केली. तिने दोन तंतू तोडले आणि तीही दमली. साहेब पुढे झाले, बाही सारली, दात-ओठ खाऊन पाहिलं. मागून भिंगरी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले की लोखंड कापायची करवत आणू का, आणि पहिल्यांदा कामगार हसले, मग सगळी गर्दी. हसली नाही ती सून. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता आणि ती दोराकडे अशी बघत होती, जणू दीड वर्षाचं सगळं काम ह्या एका गोष्टीसाठी लोक लक्षात ठेवणार.

"वळला कुणी हा?" महापौरबाईंनी घाम पुसत विचारलं.

दहा-बारा म्हाताऱ्यांनी एकदम नळाकडे बघितलं.

उलटरावांना यावंच लागलं. लोक बाजूला झाले. त्यांनी दोराला जिथे कात्री लागली होती तिथे अंगठा फिरवला. बाईंना तो अंगठा ओळखीचा होता. त्यांनी खिशातून चाकू काढला. दोरवाल्याच्या खिशात तो असतोच. पातं उघडलं. आता हे कापतील, बाईंना वाटलं, काम संपलं म्हणतील आणि मागच्या मागे निघून जातील. उलटरावांनी एकदा सुनेकडे पाहिलं, तिचे लाल कान पाहिले, आणि पातं मिटवलं.

"कापून काय, दोन तुकडे होतील नुसते," ते म्हणाले. "राहू द्या ना. वाका आणि या."

साहेबांनी महापौरबाईंकडे बघितलं. महापौरबाईंनी दोराकडे, मग स्वतःकडे.

"वाकणं हा माझा प्रांत नाही हो," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही करून दाखवा."

उलटराव वाकले. कमरेत दुमडून, एक हात जमिनीला टेकवून, दोराखालून गेले आणि पलीकडे उभे राहिले. सगळं इतक्या सहज झालं, की आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्यांची पाठ गर्दीकडे होती. समोर ती लांबलचक जागा, काचांतून आलेलं ऊन, जमिनीवरचे दोन पट्टे, आणि मांडलेल्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. आत दुसरं कुणीच नव्हतं. दाराशी उभी असलेली सून काहीतरी बोलायला गेली, तर काटेबाईंनी तिचा हात दाबला.

मग ते वळले. दोन्ही हातांनी दोर धरला आणि छातीपर्यंत उचलला.

"या," ते महापौरबाईंना म्हणाले. "सावकाश. डोकं सांभाळा. या, या, आत भरपूर जागा आहे."

महापौरबाई हसत हसत खाली झुकल्या आणि आत गेल्या. त्यांच्यामागून साहेब. मग सून, तिच्यासाठी दोर जरा जास्तच वर गेला, आणि तिने जाता जाता सासऱ्यांचा दंड घट्ट दाबला. भिंगरी वाकले ते वाकलेच, त्यांना दोघांनी सरळ केलं. कामगार, त्यांच्या बायका, शिंपी, फोटो काढणारा. मुलं वाकायची गरज नसताना ओणवी होऊन जात होती आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येऊन पुन्हा रांगेत लागत होती. उलटराव प्रत्येकाला काहीतरी म्हणत होते. पाणी डावीकडे आहे. आजी, हात द्या. वाचनालय त्या टोकाला, चालायची तयारी ठेवा.

गर्दी ओसरल्यावर काटेबाई पुढे झाल्या.

"माझे गुडघे वाकत नाहीत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

त्यांनी दोर थेट डोक्याच्या वर नेला. बाई ताठ मानेने आत आल्या. पहिल्या रांगेत सून हात हलवून बोलावत होती. तिच्या शेजारी एक खुर्ची अजून रिकामी होती. बाई तिकडे निघाल्या.

"कुठे चाललीस?" उलटराव म्हणाले. "अजून लोक येताहेत. ये इकडे, ही बाजू धर. मला एकट्याला जड होतोय."

दोराचं वजन बाईंनी स्वतः केलेलं होतं. तो जड नव्हता. त्यांनी पर्स खांद्यावर मागे सारली, सुनेला हातानेच सांगितलं की खुर्ची दुसऱ्या कुणाला दे, आणि येऊन दुसरी बाजू धरली.